मोटर जळाली म्हणण्याआधी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या बागायती पट्ट्यात थ्री-फेज मोटर म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. राहुरी, नेवासा, श्रीरामपूर, राहाता या तालुक्यांत विहिरीवरचा पंप उलटा फिरायला लागला, तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. डीपीवरचा एक फेज गेलेला असताना मोटर सुरू केली की ती नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही आणि तशीच चालू ठेवली तर जळते, हेही ठाऊक असतं. मग ती विहिरीतून वर काढायची, रिवाइंडिंगच्या दुकानात भरायला टाकायची आणि तोवर पिकाचं पाणी बुडालं म्हणून चरफडत बसायचं. गेल्या काही वर्षांत याच शिवारात आणखी एक थ्री-फेज मोटर आली. ती फवारणीच्या ड्रोनवर बसते आणि एकटी कधीच नसते. एका यंत्रावर चार, सहा, कधी आठ.

ती इथे आली त्यामागे बरीच सरकारी हालचाल आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी देशात नवे ड्रोन नियम लागू झाले. जानेवारी २०२२ मध्ये केंद्रानं कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रांना प्रात्यक्षिकांसाठी ड्रोन घ्यायला दहा लाखांपर्यंत संपूर्ण अनुदान जाहीर केलं. १९६८ मध्ये स्थापन झालेलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्याआधीपासूनच हवामान-अद्ययावत शेतीच्या प्रकल्पात ड्रोन, सेन्सर आणि यंत्रमानव हाताळत होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली: पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के किंवा आठ लाखांपर्यंत मदत, एकूण तरतूद १२६१ कोटी रुपये. या योजनेत एक कलम फारसं चर्चेत आलं नाही, पण या प्रकरणाच्या दृष्टीनं तेच मोलाचं आहे. ड्रोन चालवणाऱ्या ताईबरोबर गटातल्या किंवा घरातल्या आणखी एकाला प्रशिक्षण द्यायचं, आणि तो माणूस विजेच्या वस्तूंची दुरुस्ती, फिटिंग अशा कामांची आवड असलेला निवडायचा. म्हणजे उडवणारी एक आणि पाना-मीटर घेऊन बसणारा दुसरा, अशी जोडी गृहीत धरलेली आहे.

हा दुसरा माणूस पहिल्या बिघाडाला जे निदान करतो, ते बहुतेक वेळा पंपाच्या अनुभवातून आलेलं असतं: मोटर जळाली. आणि बहुतेक वेळा ते चुकतं.

चुकण्याचं कारण मोटरच्या रचनेतच आहे. या मोटरला ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही. मधोमध तांब्याच्या वेटोळ्यांचा स्थिर गाभा, त्याभोवती आतून चुंबकं चिकटवलेलं फिरतं कवच आणि दोघांना सांधणारी दोन बेअरिंगं, एवढाच तिचा संसार. घासून झिजणारी जागा म्हणजे फक्त बेअरिंग. जुन्या खेळण्यांच्या मोटारीत कार्बनचे ब्रश झिजत, ठिणग्या उडत, काजळी धरे; ब्रश गेले तशा त्या सगळ्या तक्रारीही गेल्या. पण ब्रश जे काम करत होते ते कुणाला तरी करावंच लागतं. योग्य क्षणी योग्य वेटोळ्यात वीज सोडण्याचं ते काम आता ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर करतो. घासणारा भाग मोटरमधून गेला आणि मोडणारा भाग कंट्रोलरमध्ये आला.

ट्रान्झिस्टरकडून हे काम करून घेता येतं, हे अमेरिकेत विल्सन आणि ट्रिकी या दोन अभियंत्यांनी १९६२ मध्ये एका शोधनिबंधात मांडलं. तेव्हा चुंबकं दुबळी होती आणि ट्रान्झिस्टर महाग. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम-लोह-बोरॉनचं चुंबक घडवलं, आणि मुठीत मावणाऱ्या मोटरमधून किलोवॅटच्या घरातली ताकद काढणं शक्य झालं. छंदी लोकांपर्यंत ती पोचली भंगारातून. नादुरुस्त सीडी-ड्राइव्हमधली चकती फिरवणारी चिमुकली मोटर उचकटायची, तिच्यात जाड तार भरायची, ताकदवान चुंबकं बसवायची आणि खेळण्यातलं विमान उडवायचं, हा उद्योग २००० सालाच्या आसपास जगभर चालला होता. आपल्याकडे २००९ मध्ये ‘थ्री इडियट्स’मध्ये वसतिगृहाच्या खिडकीशी तरंगणारं यंत्र प्रेक्षकांनी पाहिलं, ते आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘आयडियाफोर्ज’चं होतं. त्याच वर्षी ‘निशांत’ या मानवरहित विमानानं देशी वँकेल इंजिनावर उड्डाण केलं आणि त्या इंजिनाच्या कामात नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेचा वाटा होता. नगरनं चालकाविना उडणारी यंत्रं इंजिनाच्या बाजूनं आधीच पाहिली होती. मोटरच्या बाजूनं ती नंतर आली.

ईएससी किती घाईत असतो, हे आकड्यांत पाहिलेलं बरं. फवारणीच्या मोठ्या ड्रोनवर ३६ खाचांची आणि ४२ चुंबकांची मोटर असते असं धरू. चुंबकांच्या २१ जोड्या झाल्या. पाती मिनिटाला ३००० फेरे घेत असतील तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे विजेची १०५० आवर्तनं. साधा ईएससी प्रत्येक आवर्तनात सहा वेळा वीज इकडून तिकडे वळवतो, म्हणजे सेकंदाला ६३०० वेळा. विहिरीवरच्या पंपाला महावितरणची ५० आवर्तनं मिळतात आणि ती मोटर आपली त्यांच्यामागे रेटत राहते. ड्रोनच्या मोटरला आवर्तनं आयती मिळत नाहीत. ईएससीला आधी कवच नेमकं कुठे आहे हे कळावं लागतं, मगच तो पुढची पायरी टाकतो. कवचाची जागा सांगणारे हॉल सेन्सर इथे सहसा नसतात. ज्या फेजमध्ये त्या क्षणी वीज सोडलेली नसते, तिच्यात फिरत्या चुंबकांमुळे जो उलटा दाब तयार होतो, त्यावरून ईएससी जागा ओळखतो. हा अंदाज चुकला की मोटर आणि ईएससी यांची लय तुटते. काही मोटर-ईएससी जोड्यांत एकदम थ्रॉटल वाढवला की हे घडतं: टर्र असा आवाज, पाती क्षणभर अडखळतात आणि यंत्र त्या हाताकडे कलतं.

एक फेज तुटल्यावर दोन्ही मोटरी कशा वागतात, यावरूनच पंपाचा अनुभव इथे कुठे चालतो आणि कुठे नाही, ते दिसतं. पंप चालू असताना फेज गेला तर तो उरलेल्या दोन फेजांवर फिरत राहतो, जादा वीज ओढतो आणि तापून जळतो. ड्रोनची मोटर एका फेजविना चालूच शकत नाही. सुरू करताना ती जागच्या जागी थरथरते, किंचित पुढे, किंचित मागे. हवेत असताना फेज तुटला तर लय तुटून थांबते. म्हणजे थरथरणारी मोटर ही जळालेली मोटर नव्हे. तिच्यापर्यंत तिसरी तार पोचत नाही, एवढंच ती सांगत असते. ती तार मोटरच्या पोटात तुटण्यापेक्षा बाहेर, सांध्यापाशी तुटण्याची शक्यता कितीतरी जास्त.

म्हणून पहिली नजर सांध्यांवर. मोटरच्या तीन तारा ईएससीला बुलेट कनेक्टरनं जोडलेल्या असतात किंवा थेट डाग दिलेल्या असतात. ड्रोनचे हात घडी घालून गाडीत टाकायचे असतात. दर घडीला या तारा वाकतात. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि नेमकी त्याच्या पुढच्या केसभर जागेत एकेक पदर तुटत जातो. वरचं प्लास्टिक शाबूत, आत चार पदर शिल्लक. मीटर लावला तर सातत्य दाखवतो, कारण मीटरला चार पदर पुरतात. वीस अँपिअरला पुरत नाहीत. नीट न वितळलेला डाग, तापून पिवळट-तपकिरी पडलेला कनेक्टर, बोटांनी सहज निघणारी बुलेट: या तीन खुणा दिसल्या की पुढचा तपास निम्म्यावर येतो. याच ओघात एक सल्ला. तार लांब करायचीच वेळ आली तर मोटरकडची करावी, बॅटरी आणि ईएससी यांच्यामधली नव्हे. बॅटरीकडची तार लांबली की दर खटक्याला दाबाचे उसळे वाढतात आणि ते झेलता झेलता ईएससीचे कपॅसिटर निकामी होतात. गावातल्या हुशार हातांनी केलेल्या ‘सुधारणां’मध्ये ही चूक वारंवार दिसते.

यापुढच्या कोणत्याही चाचणीआधी पाती काढायची. यावर चर्चा नाही. फवारणीच्या ड्रोनची कार्बन फायबरची पाती बोट छाटू शकते, आणि बिघडलेलं यंत्र थ्रॉटल शून्यावर असतानाही कसं वागेल याचा भरवसा नसतो.

आता बॅटरी न जोडता करायची एक चाचणी. या प्रकरणातली ही सर्वांत कामाची, आणि तिला एक पैसा लागत नाही. ज्या मोटरवर संशय आहे तिचं कवच हातानं फिरवून पाहायचं, मग शेजारच्या चांगल्या मोटरचं. चांगली मोटर चुंबकांच्या बारीक खाचा जाणवत, पण सहज फिरते. संशयित मोटर जड लागली, कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखी अडली, तर तिच्या तिन्ही तारा ईएससीपासून सोडवायच्या आणि पुन्हा फिरवायची. आता मोकळी झाली? मग मोटर निर्दोष. ईएससीमधला एखादा मॉस्फेट, म्हणजे वीज सोडणारा स्विच, शॉर्ट झालेला आहे. त्याच्यातून वेटोळ्यांचं टोक टोकाला मिळतं, फिरणारी मोटर स्वतःच वीज बनवते आणि तीच वीज तिला ब्रेक लावते. तारा सोडूनही जड राहिली तर दोष मोटरच्या आत आहे: वेटोळी एकमेकांना चिकटलीत, चुंबक सुटलंय किंवा बेअरिंग गेलंय. आणि उलट बाजूनं: मोकळ्या मोटरच्या दोन-दोन तारांची टोकं एकमेकांना टेकवून कवच फिरवायचं. तिन्ही जोड्यांत सारखाच अडसर जाणवला पाहिजे. एखादी तार असलेल्या दोन जोड्यांत अडसर नाहीच, तर ती तार आत तुटलेली आहे.

बॅटरी जोडायची वेळ आली की रिवाइंडिंगच्या दुकानातली जुनी युक्ती उपयोगी पडते. तिथे दुरुस्त मोटरला थेट वीज देत नाहीत. आधी सिरीज बल्ब लावतात. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि बाकी काही जळत नाही. रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) गाड्या-विमानांचे जगभरचे शौकीन हीच गोष्ट बॅटरीच्या एका तारेत गाडीचा दिवा बसवून करतात. सहा सेलच्या बॅटरीला ट्रकचा २४ व्होल्टचा दिवा चालतो. बारा सेलची बॅटरी भरलेली असताना ५०.४ व्होल्ट देते, तिथे तसे दोन दिवे एकापाठोपाठ लावावे लागतात. जोडताक्षणी दिवा लखकन चमकून विझला तर कपॅसिटर भरले, सगळं ठीक. पेटून राहिला तर बॅटरी लगेच सोडवायची. दिवा वाचला, ईएससी वाचला आणि मुख्य म्हणजे लिथियमची बॅटरी वाचली. ती थेट शॉर्ट झाली तर पुढचं प्रकरण विजेचं नसून आगीचं असतं.

मग अदलाबदल. डाव्या हातावरची मोटर चालत नाही आणि उजव्या हातावरची चालते, तर फक्त मोटरची जागा बदलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. दोष मोटरबरोबर गेला तर मोटर. जागेवर राहिला तर ईएससी, त्याची सिग्नलची तार किंवा कनेक्टर. एका वेळी एकच गोष्ट बदलणं हा सगळा मुद्दा आहे. मोटर, ईएससी आणि पाती एकाच दमात बदलून ड्रोन उडाला तर आनंद होतो, पण तिन्हींपैकी काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि चांगले दोन भाग भंगाराच्या डब्यात जातात.

ज्यांना उड्डाणाची नोंद उघडून पाहता येते त्यांच्यासाठी एक सापळा सांगायला हवा. ड्रोनचा तोल सांभाळणारा फ्लाइट कंट्रोलर प्रत्येक मोटरला किती जोर मागत होता, ते नोंदीत दिसतं. एका मोटरची मागणी शंभर टक्क्यांवर जाऊन थांबली आणि त्याच वेळी यंत्र तिच्याच बाजूला कललं, तर ती मोटर किंवा तिचा ईएससी हरला, असं म्हणता येतं. पण घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या सगळ्या मोटरी सतत वर आणि उलट फिरणाऱ्या सगळ्या खाली दिसत असतील, तर कुणीच बिघडलेलं नाही. एखादा हात किंवा मोटरचा बैठा भाग पिळवटला आहे, त्यामुळे यंत्र स्वतःभोवती वळू पाहतं आणि कंट्रोलर ते सावरतो आहे. तिथे मोटर बदलून काही होत नाही. पाना घेऊन हात सरळ करावा लागतो.

सहा हातांच्या ड्रोनला एक मोटर गेली तरी सहसा सुखरूप उतरता येतं, असं विक्रेते सांगतात. ते अर्धं खरं आहे. टाकी भरलेलं २४ किलोंचं यंत्र तरंगताना प्रत्येक मोटर चार किलो उचलते. एक गेली की तोल राखायला समोरची मोटरही जवळजवळ सोडून द्यावी लागते, आणि उरलेल्या चौघींवर प्रत्येकी सहा किलो येतात. त्या प्रत्येकीत वळायला आणि वाऱ्याला तोंड द्यायला आणखी राखीव जोर हवा. टाकी निम्मी रिकामी असेल तर जमतं. भरल्या टाकीनं, उन्हात, थकलेल्या बॅटरीवर जमेलच असं नाही.

बेअरिंगकडे वळलं की नगरची माती तपासात येते. दख्खनचा काळा पाषाण हा बेसॉल्ट. त्यात टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. तो झिजून झालेल्या मातीत, ओढ्याच्या वाळूत, रस्त्याच्या धुळीत ते कण तसेच उतरतात. प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून मुळा-प्रवरेच्या वाळूत फिरवला तर काळी मिशी चिकटून येते, हा खेळ अनेकांनी लहानपणी केलेला असतो. फवारणीचा ड्रोन शेताच्या बांधावरून, कोरड्या मातीवरून उडतो. पात्यांचा झोत खालची धूळ उसळवतो आणि मोटरमधली निओडिमियमची चुंबकं तिच्यातला लोहाचा अंश वेचून घेतात. कवच आणि गाभा यांच्यातली फट मिलिमीटरपेक्षाही कमी असते. कण तिथे साचले की आधी बारीक खरखर, मग वेटोळ्यांवरच्या इनॅमलला ओरखडे, आणि शेवटी खरोखरचा शॉर्ट. फुंकून हे कण जात नाहीत, कारण चुंबकानं धरलेले असतात. चिकटपट्टीची घडी फटीतून फिरवून ते उचलावे लागतात. त्याहून सोपं म्हणजे उडताना-उतरताना खाली ताडपत्री अंथरणं. मार्च ते मे या महिन्यांत, पाथर्डी-शेवगावकडच्या कोरड्या शिवारात तर ती विसरूच नये.

धुळीच्या जोडीला औषध. टाकीतलं द्रावण नुसतं पाणी नसतं. विद्राव्य खतं म्हणजे क्षारच, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखी बुरशीनाशकं धातूला माया लावत नाहीत. फवाऱ्याचा तुषार पात्यांच्या भोवऱ्यात वर खेचला जातो आणि मोटरवर बसतो. संध्याकाळी पुसलं नाही तर रात्रीतून पांढरट थर वाळतो, त्यातला क्षार हवेतली ओल धरतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर गंज चढतो. मोटरवर जलरोधक असल्याचा शिक्का असतो, तो सहसा वेटोळ्यांवरच्या लेपाबद्दल असतो. बेअरिंग उघडंच राहतं. काम संपलं की टाकीतून स्वच्छ पाणी फवारायचं, मोटरी ओल्या फडक्यानं पुसायच्या, मग कोरड्या. प्रेशर पाइपनं धुवायच्या नाहीत, कारण तो दाब क्षार बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो. बेअरिंग गेल्याची ओळख कानानं होते. पातीविना, हळू वेगात फिरवताना स्वच्छ सूं ऐवजी खर्र ऐकू येतं, आणि कवच वर-खाली हलवलं तर टक् लागतं. हे दुरुस्त करणं अवघड नाही. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. तोच क्रमांक, त्याच मापाचा, चांगल्या कंपनीचा आणून दोन्ही एकदमच बदलायचे. दांड्यावरची चिमुकली सर्क्लिप उडून हरवते, एवढं सांभाळायचं. ती परत बसली नाही तर कवच हवेतच गाभ्यावरून निसटू शकतं.

आता खरोखर जळण्याबद्दल. वेटोळ्यांतली उष्णता विजेच्या प्रवाहाच्या वर्गानं वाढते. वेटोळ्यांचा रोध ५० मिलिओहम धरला तर २० अँपिअरला २० वॅट उष्णता, ३० अँपिअरला ४५ वॅट. प्रवाह दीडपट, उष्णता सव्वादोनपट. त्यात तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यानं चढतो, म्हणजे शंभर अंश तापल्यावर जवळपास ४० टक्के जास्त. उष्णता उष्णतेला जन्म देते. प्रवाह वाढतो कशानं? ठरल्यापेक्षा मोठी पाती, टोकाला फुटलेली पाती, काठोकाठ भरलेली टाकी आणि उसाच्या उंच फडावर दर ओळीला करकचून मारलेली वळणं. इनॅमल दीडशे-पावणेदोनशे अंशांपर्यंत तग धरतं. चुंबकं त्याआधी हार मानतात. साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर कायमचं दुबळं होऊ लागतं. त्याहून वरच्या प्रतीची चुंबकं दीडशे-एकशेऐंशीपर्यंत टिकतात, पण स्वस्तातल्या मोटरीत कोणती घातली आहेत ते बाहेरून दिसत नाही. दुबळ्या चुंबकाची मोटर बंद पडत नाही, हीच तिची लबाडी. तोच जोर काढायला ती जास्त प्रवाह मागते, आणखी तापते, आणि बॅटरी एकर पूर्ण व्हायच्या आत उतरायला लागते. मग दोष बॅटरीला लागतो.

जमिनीवर धावणाऱ्या आरसी गाड्यांत हीच गोष्ट गियरमधून घडते. एकास दहा मापाच्या गाडीत ३३०० केव्हीची, म्हणजे विनाभार दर व्होल्टला ३३०० फेरे घेणारी मोटर आणि ७.४ व्होल्टची बॅटरी असली तर विनाभार वेग मिनिटाला चोवीस हजारांच्या वर जातो. जास्त वेगाच्या हौसेनं कुणी मोटरवरचा पिनियन दोन दात मोठा बसवतो, वर गाडी गवतात पळवतो, आणि दहा मिनिटांत मोटरला हात लावता येत नाही. गाड्यांच्या मोटरीत पुष्कळदा हॉल सेन्सर असतात. त्यांची सहा पदरी बारीक केबल चिखलात ओली झाली की मोटर सुरू होताना झटके देते आणि वेग आल्यावर सरळ चालते. अशा मोटरची वेटोळी उघडून बसू नये, केबल बदलावी.

एवढं सगळं करून संशय मोटरवरच उरला तर मोजमाप. इथे पंपाचा मेकॅनिक फसतो तो मीटरमुळे. या वेटोळ्यांचा रोध इतका कमी असतो की साध्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त भरतो; तिन्ही जोड्या ‘शून्य’ दाखवतात आणि काही कळत नाही. त्याऐवजी बेंच सप्लायवरून एका जोडीत नेमका एक अँपिअर सोडायचा आणि टोकांवरचा दाब मिलिव्होल्टमध्ये मोजायचा. ५० मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिओहम. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. दुसरी चाचणी ड्रिल मशीननं: दांडा ड्रिलमध्ये पकडून ठरावीक वेगानं फिरवायचा आणि दोन-दोन तारांवर एसी व्होल्ट मोजायचे. शंभर केव्हीची मोटर मिनिटाला हजार फेऱ्यांना साधारण सात व्होल्ट दाखवते. एखादी जोडी कमी दाखवत असेल तर तिची वेटोळी आपसात चिकटली आहेत. तिन्ही सारख्याच पण कमी असतील तर चुंबकं उतरली आहेत. शेवटी तार आणि मोटरचं अंग यांच्यात सातत्य आहे का ते पाहायचं, नसावं. मात्र पंपाच्या दुकानातला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) ईएससी जोडलेला असताना लावला तर त्याचे मॉस्फेट त्या एका झटक्यात जातात.

जळलेली मोटर भरून मिळेल का? नगर जिल्ह्यात ब्रशलेस मोटर काही परकी राहिलेली नाही. लूनाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर आहे. १९७२ च्या त्या लूनाचा विजेवरचा अवतार फेब्रुवारी २०२४ मध्ये आला तो चाकात ब्रशलेस मोटर घेऊनच. तरीही ड्रोनची मोटर पंपासारखी भरून घेणं परवडत नाही. ३६ खाचांत ठासून बसवलेली बारीक तार जुळवून भरायला कारागिराचा दिवस जातो, वेढ्यांत थोडा फरक पडला तर ती मोटर बाकीच्या पाच जणींशी जुळत नाही, आणि एवढं करून तापलेली चुंबकं जुनीच राहतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, पण सुट्या भागांना मोकळीक राहिली, त्यामुळे मोटर बदलून मिळते. काही यंत्रांत मोटर आणि ईएससी एकाच डब्यात येतात. तिथे तर पूर्ण डबाच बदलावा लागतो, आणि वर सांगितलेल्या अदलाबदलीच्या चाचणीलाही अर्थ उरत नाही.

बदललेल्या मोटरची दिशा आधी पातीविना तपासायची. उलटी असेल तर दोन तारा अदलाबदल, पंपासारख्याच. पहिलं उड्डाण औषधाशिवाय, टाकीत निम्मं पाणी घेऊन, माणसांपासून लांब. नगर शहराच्या आसपास लष्करी हद्दी असल्यानं डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशावर ती जागा हिरव्या क्षेत्रात आहे का, हे उडवण्याआधी बघावं लागतं. कमरेएवढ्या उंचीवर तीन-चार मिनिटं तरंगू द्यायचं, उतरवायचं, बॅटरी सोडवायची आणि लगेच सहाही मोटरींचं तापमान बघायचं, इन्फ्रारेड थर्मामीटरनं किंवा तो नसेल तर सावधपणे बोट टेकवून. पाच कोमट आणि नवी चटका देणारी, असं निघालं तर पात्याचा कोन, मोटरचा बैठा भाग आणि त्या हाताची तार पुन्हा पाहावी लागते, कारण जुनी मोटर ज्या कारणानं गेली ते अजून यंत्रातच आहे.